अनुमापन : मुलांना शेवटच्या रंगासोबत मधला सामूही मोजू द्या



आमच्या आठवीतल्या एका मुलीने प्रयोगाच्या वहीत एक खोटा आकडा लिहिला. आकडा होता 7.0. तो तिने का लिहिला हे समजल्यावर मला तिचा राग आला नाही, माझाच आला. आजचा लेख त्या आकड्याबद्दल आहे. थोडा लांब होईल, पण वाचा, कारण हाच आकडा तुमच्याही वर्गात कुणाच्या तरी वहीत असण्याची दाट शक्यता आहे.

आधी माझ्याबद्दल थोडं. मी बारावी सायन्स करून डी.एड. केलं. रसायनशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवते. आमच्याकडे प्रयोगशाळा म्हणजे एक कपाट, दोन टेबलं आणि खिडकीतला नळ. तेव्हा 'मॅडमचं बरं आहे, त्यांच्याकडे सोयी आहेत' असं कृपया कुणी म्हणू नका.

आठवीला आम्ल, आम्लारी आणि उदासिनीकरण शिकवताना आपण सगळे साधारण एकच करतो. फळ्यावर लिहितो : आम्ल + आम्लारी → क्षार + पाणी. खाली सामूची पट्टी काढतो, 0 ते 14. डावीकडे आम्ल, उजवीकडे आम्लारी, मध्ये 7, उदासीन. मग सांगतो की दोन्ही एकत्र केले की उदासीन होतात. मुलं लिहून घेतात. पट्टीवरच्या 7 भोवती मी दरवर्षी लाल खडूने गोल करते. तो गोल लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच धड्याची मोठी आवृत्ती म्हणजे अनुमापन. आम्लाचं ठरावीक आकारमान घ्यायचं, त्यात ब्युरेटमधून आम्लारी थेंबथेंब सोडायचं, दर्शकाचा रंग बदलला की थांबायचं आणि किती मिली लागलं ते वाचायचं. अकरावी-बारावीला हे मी केलंय. केलंय म्हणजे काय, तर ब्युरेट भरली, नळी उघडली, फिनॉल्फथॅलिन गुलाबी झालं, बंद केली. लॅब असिस्टंट मागून हळूच म्हणाले, "दहा पॉइंट दोन." आमच्या पूर्ण बॅचच्या जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग दहा पॉइंट दोन, आणि सी.बी.आर.सुद्धा दहा पॉइंट दोन. माझं पहिलं रीडिंग खरं तर 10.9 आलं होतं, कारण हात थांबला नाही आणि शंकुपात्र गडद राणी रंगाचं झालं. मी ते खोडलं. सही मिळाली, मार्क मिळाले. तोंडाने ओढून पिपेट भरायलाही तिथेच शिकले, ती तर फारच वाईट सवय. तुमच्याकडे अजून कुणी तसं करत असेल तर आजच बंद करा. साधी सिरिंज वापरा.

तर माझं म्हणणं असं आहे. अनुमापन 'रंग बदलला, थांबा, आकडा लिहा' एवढंच शिकवलं तर मुलांना उदासिनीकरण समजत नाही, फक्त शेवट समजतो. प्रत्येक टप्प्याला सामू मोजून त्याचा आलेख काढला तरच आत काय चाललंय ते दिसतं. आणि हे बारावीपर्यंत थांबवून ठेवायची काही गरज नाही, आठवीला जमतं. आम्ही केलं.

आम्ही काय केलं ते सांगते. सोडियम हायड्रॉक्साइड मी आठवीच्या मुलांच्या हातात देत नाही, त्वचेला आणि डोळ्याला ते फार घातक. त्याऐवजी चुन्याची निवळी घेतली. खायच्या चुन्याचा एक चमचा लिटरभर पाण्यात टाकायचा, बाटली हलवायची, रात्रभर ठेवायची आणि सकाळी वरचं स्वच्छ पाणी काढून घ्यायचं. निवळीची गंमत अशी की वजनकाटा लागत नाही. चुना पाण्यात फार कमी विरघळतो, लिटरला साधारण दीड-पावणेदोन ग्रॅम. तळाला चुना उरलेला आहे तोवर वरच्या निवळीची तीव्रता जवळजवळ ठरलेली. (साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुना कमी. हेही मुलांना सांगा, त्यांना भारी वाटतं.) निवळी सौम्य असली तरी डोळ्यांना धोका आहेच. चुन्याची डबी दाबल्यावर उडालेल्या चुन्याने लहान मुलांचे डोळे जातात. तेव्हा चष्मा घालूनच.

आम्ल म्हणून व्हिनेगर, चायनीजच्या गाडीवर असतं ते. बाटलीवर 4 टक्के असं लिहिलेलं. पाणी नळाचं घेऊ नका. आमच्याकडचं बोअरचं पाणी इतकं जड आहे की निवळी टाकली की ते स्वतःच गढूळ होतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं, ते चालतं. निवळीसाठीही तेच. ब्युरेट नव्हती, म्हणून मेडिकलमधून 10 मिलीच्या सुई नसलेल्या नव्या सिरिंज आणल्या. चंचुपात्र म्हणून कटिंग चहाचे काचेचे ग्लास.

आणि सामू मोजायला पेनासारखा पीएच मीटर. हा काही शे रुपयांत मिळतो. आम्ही दोन घेतले. स्वस्त मीटर म्हणून नाक मुरडू नका, पण त्याच्यावर आंधळा विश्वासही ठेवू नका. सोबत पावडरच्या पुड्या येतात, बहुतेक 4.00, 6.86 आणि 9.18 अशा लिहिलेल्या. त्या सांगितलेल्या पाण्यात विरघळवून आधी मीटर त्यात बुडवायचा आणि आकडा जुळवून घ्यायचा. हे मुलांसमोर करा. आमच्या एका मीटरने 6.86 च्या द्रावणात 7.3 दाखवलं. मुलं म्हणाली, "मॅडम, खराब निघाला." म्हटलं, खराब नाही, किराणा दुकानातला काटा रिकामा असताना शून्यावर आणतात ना, तसं आहे हे. एका मुलाने विचारलं, "मग ती पावडर बरोबर आहे हे कोणी तपासलं?" चांगला प्रश्न होता. माझ्याकडे त्याचं पटकन उत्तर नव्हतं.

मीटरचं काचेचं टोक प्रत्येक वेळी डिस्टिल्ड पाण्याने धुवायचं, कागदाने टिपायचं, घासायचं नाही. आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. मुलांना सगळ्यात अवघड हेच गेलं. थांबणं.

ग्लासात 40 मिली पाणी आणि 1 मिली व्हिनेगर. सिरिंजने 2-2 मिली निवळी सोडायची, ढवळायचं, थांबायचं, वाचायचं. एका गटाचे आकडे देते :

0 मिलीला 3.3
2 मिलीला 3.9
4 मिलीला 4.3
6 मिलीला 4.6
8 मिलीला 4.8
10 मिलीला 5.0
12 मिलीला 5.3
14 मिलीला 5.7

इथपर्यंत मुलं कंटाळली. साहजिक आहे. निवळी ओतून ओतून हात दुखले आणि आकडा जागचा हलेना. 4 मिलीपासून 12 मिलीपर्यंत आठ मिली टाकली, आणि सामू वाढला फक्त एक. एक जण म्हणाला, "मॅडम, निवळी शिळी झालीय."

आणि नेमकी त्या मुलीच्या गटाने इथे घाई केली. 15 मिलीला 6.2 आलं. मग त्यांनी एकदम 1 मिली सोडलं. 16 ला आकडा आला 10.5.

मी टेबलांमधून फिरत होते. तिच्या वहीत मला दिसलं : 15 मिली, 6.2. मग 15.5 मिली, 7.0. मग 16 मिली, 10.5. मधली ओळ दोन ओळींच्या फटीत कोंबलेली, अक्षर बारीक. मी विचारलं, "पंधरा पॉइंट पाचला थांबला होतात का?" गप्प. मग म्हणाली, "नाही मॅडम. पण सहावरून एकदम दहा कसं होईल? मध्ये सात यायलाच पाहिजे. पुस्तकात आहे. तुम्ही पण गोल केला होता."

तिचा तर्क बघा. तिने चोरी केली असं मला वाटत नाही. मी शिकवलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवून तिने मीटरला चूक ठरवलं. मीही बारावीत हेच केलं होतं, फक्त मला आकडा कुणीतरी कानात सांगितला होता. हिला तो मी फळ्यावरून सांगितला होता, वर्षभर आधी, लाल खडूने.

मी तिला ती ओळ खोडू दिली नाही. तिच्या शेजारी 'मोजलेलं नाही' एवढं लिहायला सांगितलं. आणि म्हटलं, पुढच्या शनिवारी परत करू, पण 15 नंतर थेंबथेंब.

पुढच्या आनंददायी शनिवारी तोच गट बसला. 15 मिलीपर्यंत भराभर, त्यानंतर दोन-दोन, चार-चार थेंब. 15.0 ला 6.2. 15.2 ला 6.5. 15.4 ला 6.9. 15.5 ला 8.2. 15.6 ला 9.5. सिरिंजचा एक थेंब धरा साधारण 0.05 मिली. म्हणजे शेवटच्या चार थेंबांत सामू अडीचने उडाला. आधी आठ मिली ओतून एकने हलत नव्हता तो! वर्गात असा आरडाओरडा झाला की शेजारच्या वर्गातले सर बघायला आले.

आलेख काढला. आडव्या अक्षावर मिली, उभ्या अक्षावर सामू. सुरुवातीला थोडा चढ, मग लांब सपाटी, मग भिंत, मग पुन्हा सपाटी. मुलांनी त्याला 'घाट' नाव दिलं. पुस्तकात दिलेलं रेखीव 'एस' आमच्या कागदावर नव्हतं, दोन बिंदू तर सरळ रेषेबाहेर होते. ते आम्ही तसेच ठेवले.

आता मुद्द्याचं. भिंतीचा मध्य कुठे आला? 8 च्या थोडं वर. सातवर नाही! व्हिनेगरमधलं असेटिक आम्ल सौम्य आहे. ते पूर्ण संपतं तेव्हा ग्लासात उरतो त्याचा क्षार, आणि तो क्षार पाण्यात थोडासा आम्लारिधर्मी वागतो. म्हणून आम्ल आणि आम्लारी बरोबरीत आले तरी सामू सातवर नसतो, आठ-साडेआठच्या आसपास असतो. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड अशी दोन्ही तीव्र असती तर बरोबरीचा सामू 7 आला असता. आपण मुलांना ही एक खास जोडी शिकवतो आणि नियम म्हणून सांगतो. माझा लाल गोल तिथे चुकला. थेंबांचा हिशेब केला तर आमच्या ग्लासात 6.9 आणि 8.2 मध्ये दोनच थेंबांचं अंतर होतं, म्हणजे मिलीमध्ये फार फरक नाही. पण 'उदासिनीकरण झालं की सामू सातच' हे वाक्य चुकीचं आहे, आणि चुकीच्या वाक्यापायी एका प्रामाणिक मुलीने मीटरवर दिसलेल्या आकड्यांत न दिसलेला एक घुसवला. मला हे जास्त लागलं.

मग एकदम भिंत का? हा प्रश्न तुम्हाला मुलं विचारणारच, म्हणून सोपी जोडी घेऊन सांगते. 0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्ल 10 मिली घेतलं आणि तेवढ्याच तीव्रतेचं सोडियम हायड्रॉक्साइड सोडत गेलो, तर गणिताने असं येतं. सुरुवातीला सामू 1. 5 मिली टाकल्यावर, म्हणजे निम्मं आम्ल संपल्यावर, फक्त 1.5. 9 मिलीला, नव्वद टक्के संपल्यावर, 2.3. 9.9 मिलीला, नव्व्याण्णव टक्के संपलं तरी 3.3 च. 9.95 ला 3.6. 10 ला 7. आणि 10.05 ला 10.4. दोन थेंबांत 3.6 वरून 10.4!

याचं कारण सामूच्या मापातच आहे. 1909 मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी हे माप मांडलं. त्यात एक पायरी म्हणजे दहा पट. मी मुलांना जत्रेचं उदाहरण देते. मैदानात हजार माणसं आहेत. नऊशे घरी गेली तरी शंभर उरली, ही एक पायरी. शंभरातली नव्वद गेली, दहा उरली, दुसरी पायरी. पहिल्या पायरीला नऊशे माणसं जावी लागली, दुसरीला नव्वद, तिसरीला नऊच. शेवटी शेवटी एकेक माणूस उठला तरी पायरी उतरते. आम्लाचंही तसंच, संपत आलं की एकेक थेंब पायऱ्या उतरवतो. हे उदाहरण आठवीला पुरतं. लॉगॅरिदम हा शब्दसुद्धा काढायची गरज पडली नाही.

व्हिनेगरच्या आलेखातल्या मधल्या सपाटीचं कारण मात्र वेगळं आहे. तिथे उरलेलं सौम्य आम्ल आणि तयार झालेला त्याचा क्षार दोन्ही एकत्र असतात आणि दोघं मिळून सामू धरून ठेवतात. निम्मं आम्ल संपतं तिथे सामू 4.76 च्या जवळ असतो. आमच्या कागदावर 8 मिलीला 4.8 आला. पुस्तकातला आकडा आणि आमच्या कटिंगच्या ग्लासातला आकडा शेजारी बसले तेव्हा मला स्वतःला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आलेख काढल्यावर दर्शकाचं कोडंही आपोआप सुटतं. बारावीला आम्ही पाठ केलं होतं : सौम्य आम्ल आणि तीव्र आम्लारी असेल तर फिनॉल्फथॅलिन, मिथिल ऑरेंज नाही. का, ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. आता आलेखावर बघा. फिनॉल्फथॅलिन साधारण 8.2 ते 10 या पट्ट्यात गुलाबी होतं, म्हणजे बरोबर भिंतीवर. मिथिल ऑरेंज बदलतं 3.1 ते 4.4 मध्ये. आमच्या ग्लासात सामू 4.4 झाला तो साडेचार-पाच मिलीच्या दरम्यान, आणि खरी बरोबरी आली साडेपंधराला. म्हणजे मिथिल ऑरेंजवर विसंबलो असतो तर एक तृतीयांशही आम्ल संपलेलं नसताना 'झालं' म्हणून मोकळे झालो असतो. आठवीच्या मुलाने कागदावर बोट ठेवून हे मला सांगितलं. शब्द त्याचे होते, "हा रंग घाट चढायच्या आधीच उतरतो मॅडम."

मीटर अजिबात मिळत नसेल तर? सामूच्या रंगपट्ट्या वापरा. त्या एक-एकच्या टप्प्याने सांगतात, पण सपाटी आणि भिंत त्यातही दिसते. हळदीचा कागद सुद्धा चालतो, साधारण आठच्या आसपास लालसर व्हायला लागतो, म्हणजे व्हिनेगरसाठी तो अंतिम बिंदूचा घरगुती दर्शक झाला. फक्त हळदीने आलेख निघत नाही, एवढं लक्षात ठेवा.

अजून एक गोष्ट आलेखाने उलगडते, आणि ती आमच्या गावाशी जोडलेली आहे. इथे घरटी दूध आहे. 'ॲसिडिटी जास्त' म्हणून दूध परत आलं, हे मुलांनी घरी ऐकलेलं असतं. मुलांना वाटतं, ॲसिडिटी म्हणजे सामू. ताज्या दुधाचा सामू 6.6-6.7 च्या आसपास, जवळजवळ उदासीन. मग आम्ल कुठून आलं? डेअरीत ॲसिडिटी काढतात ती अनुमापनाने, फिनॉल्फथॅलिन घालून किती सोडियम हायड्रॉक्साइड लागतं ते बघून. ताजं दूधही थोडं आम्लारी खातंच, आंबायला लागलं की जास्त खातं. सामू सांगतो आत्ता या क्षणी द्रावणात मोकळं आम्ल किती आहे. अनुमापन सांगतं एकूण किती आहे, दडलेलं धरून. 0.1 मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू 1 आणि तेवढ्याच तीव्रतेच्या असेटिक आम्लाचा 2.9, पण दोघांच्या 10 मिलीला सोडियम हायड्रॉक्साइड सारखंच लागतं, 10 मिली. खिशातले सुटे पैसे आणि बँकेतली शिल्लक, असं मी सांगितलं. ज्यांच्या घरी दूध परत येतं त्या मुलांना हे एका वाक्यात कळलं. आणि मीटरचा इतिहासही असाच व्यवहारातून आलेला आहे : 1934 मध्ये अमेरिकेत अर्नोल्ड बेकमन यांनी विजेवर चालणारा आम्लता मोजणारा मीटर बनवला, तो कॅलिफोर्नियातल्या लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी. म्हणजे तोही शेतमालासाठीच.

आता तुमच्या मनातले आक्षेप. मलाही सहकाऱ्यांनी ते ऐकवले आहेत.

'अनुमापन आठवीला नाही.' नाही, मान्य. उदासिनीकरण आहे. तेवढ्यासाठीच करायचं. मोलारिटी, समीकरणं, गणितं काहीही घेऊ नका.

'वेळ नाही.' एका तासिकेत होत नाही, हे खरं. सलग दोन लागतात, आणि पहिल्या वेळी तर तीन लागल्या. मी शनिवार वापरला. ज्यांना शनिवार मिळत नाही त्यांनी एका गटाने मोजायचं आणि सगळ्या वर्गाने फळ्यावरच्या आलेखावर बिंदू टाकायचे, असं करून बघा. प्रत्येक बिंदूला वर्ग पुढचा अंदाज सांगतो. अंदाज चुकतात, म्हणूनच मजा येते.

'परीक्षेत विचारत नाहीत.' याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. परीक्षेत 'उदासीन द्रावणाचा सामू किती?' असं विचारतात आणि उत्तर 7, तेही बरोबरच. पण उदासीन द्रावण आणि उदासिनीकरण पूर्ण झालेलं द्रावण या दोन गोष्टी आहेत, हे आपण शिक्षकांनी तरी वेगळं ठेवायला हवं. मी इतकी वर्षं ठेवलं नव्हतं.

एका सरांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. ते म्हणाले, "मुलांना खरे आकडे लिहू दिले तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल, तपासायचं कसं?" तपासायचं कसं हा प्रश्न खरा आहे. मी आता उत्तर तपासत नाही, वही तपासते. खोडलेला आकडा दिसतोय का, एकाच रेघेने खोडलाय का, शेजारी कारण लिहिलंय का. आमच्या वर्गात साडेपंधरा कुणाचं आलं, कुणाचं पंधरा, एका गटाचं तर साडेतेरा. साडेतेरावाल्यांचं कारण शोधताना कळलं की त्यांच्या सिरिंजमध्ये व्हिनेगर भरताना हवेचा बुडबुडा राहिला होता, आम्लच कमी पडलं होतं. हे कारण त्यांनी स्वतः शोधलं. 'दहा पॉइंट दोन' सांगून टाकलं असतं तर बुडबुड्याकडे कुणी पाहिलं असतं?

माध्यमिक आणि कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकांना एक विनंती, लहान तोंडी मोठा घास आहे तरी. तुमच्याकडे ब्युरेट आहेत, चांगले मीटर घेता येतील एवढा निधी कधीतरी येतो. निदान एका प्रयोगात तरी दर्शकासोबत मीटर बुडवा आणि आलेख जर्नलला लावायला सांगा. आणि जर्नलमध्ये तिन्ही रीडिंग दशांशापर्यंत सारखी आली तर कौतुक करण्याआधी एकदा विचारा, खरंच आली का.

त्या मुलीची वही अजून तशीच आहे. फटीतला 7.0, शेजारी 'मोजलेलं नाही', आणि पुढच्या पानावर 15.5 ला 8.2. मी फळ्यावरच्या पट्टीत 7 भोवती गोल अजून करते, पण वर्गाला विचारते, कोणत्या आम्लासाठी?

राहिलेली निवळी आम्ही झाकण न लावता खिडकीत ठेवली होती. चार दिवसांनी तिच्यावर दुधासारखी साय धरली. तिने परत मोजलं तर त्याच 1 मिली व्हिनेगरला या वेळी निवळी जास्त लागली. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुना खाल्ला, हे तिला सांगायला मी तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती म्हणाली, "थांबा मॅडम, आधी झाकण लावलेल्या बाटलीतली मोजते."